वाट दाखवणारी बाई

गाडी घेताना शहाणा माणूस इंजिन बघतो, मायलेज बघतो, डिकीत गव्हाचं पोतं मावतं का ते बघतो. मी पडदा बघितला. दहा इंचांचा. शोरूमला जाताना मी खिशात टेप घेऊन गेलो होतो, कारण आमच्या थोरल्या साडूंच्या जीपमधला पडदा सात इंचांचा आहे हे मी त्यांच्याच शेजारी बसून, खोकल्याचं निमित्त करून, वितीनं मोजून आलो होतो.

साडू म्हणजे बन्सीधरराव. राहणार जिंतूर, धंदा गुत्तेदारी, म्हणजे कंत्राटं घेणं. मी बालाजी, राहणार परभणी, पाटबंधारे कार्यालयात वरिष्ठ लिपिक, टेबल आवक-जावक. आम्हा दोघांची सासुरवाडी एकच, ती चारठाण्याला. आणि अकरा वर्षांपासून त्या घरात पंगत बसली की पाट साडूंना मिळतो आणि मला सतरंजी. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, बायनाबाई, तुपाची कासंडी घेऊन साडूंच्या मागे उभ्या राहतात. माझ्या ताटात तूप येतं, नाही असं नाही, पण ते कासंडी उलटी करून आलेलं असतं. आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं. त्यानं अकरा वर्षं सतरंजीवर बसून दाखवावं. मला मान हवा होता, एवढंच. म्हणून मी दहा इंच घेतले.

दसऱ्याला गाडी आली. पोखर्णीला नरसिंहाच्या पायाशी चावी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तडक चारठाण्याचा रस्ता धरला. रस्ता मला पाठ आहे. तरी मी पडद्यावर चारठाणा टाकलं, कारण त्या पडद्यात एक बाई होती आणि ती मराठीत वाट दाखवायची. आवाज इतका गोड आणि भाषा इतकी शुद्ध, की ती 'उजवीकडे वळा' म्हणाली की मी आधी शर्टाची कॉलर नीट करायचो आणि मग वळायचो. गावात शिरल्यावर चारी काचा खाली केल्या आणि आवाज पुरता वाढवला. जुन्या देवळापाशी बसलेले चार म्हातारे उठून उभे राहिले. दारासमोर गाडी थांबली आणि बाई खणखणीत म्हणाली, "आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात."

मामी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. त्या गाडीत वाकून बघायला लागल्या.

"संगं कोण हाय? बाई बोलल्यावानी झालं."

मी समजावून सांगितलं. मशीन आहे, वाट दाखवतं, आवाज तेवढा बाईचा आहे.

"मंजी परभणीपस्तोर, आपलं, परभणीपासून हितवर हिनंच आणलं तुमाला?"

"हो."

"न चुकता?"

"एकदाही चुकली नाही, मामी."

"आन् तिला तसंच उन्हात बसवून तुमी जेवायला जायलाव?"

मी हसलो. माझी बायको राजेश्री हसली. ओसरीवर बसलेले मामा, म्हणजे सासरे, तेसुद्धा हसले. मामी हसल्या नाहीत. "यंत्र असू द्या न्हाई तर काई असू द्या," त्या म्हणाल्या, "बाईमाणूस माझ्या दारातून तसंच गेलेलं मला चालत न्हाई."

तेव्हा मी ते बोलणं कानाआड केलं, कारण माझं सगळं लक्ष पाटाकडे होतं. पाट मिळाला नाही. त्याहून वाईट म्हणजे मी पहिली पोळी मोडली आणि मामी सूप घेऊन बाहेर निघून गेल्या, त्या चांगल्या दहा मिनिटांनी परत आल्या. तूप राजेश्रीनं वाढलं. साडू आले की ही बाई त्यांच्या पाठीमागून हलत नाही आणि मी जेवायला बसलो की हिला अंगणात कामं सुचतात, असं माझ्या मनात आलं. मी तिसरी पोळी घेतली नाही. कुणी आग्रहही केला नाही, तेव्हा ते निषेधाचं होतं हे बहुधा कुणाला कळलं नसावं.

परत येताना बोरी गावाच्या अलीकडे बाई म्हणाली, "पुढे सरळ जा." मग परत म्हणाली, "पुढे सरळ जा." मग "पुढे, पुढे, पुढे" असं सात-आठ वेळा म्हणून पडदा काळा झाला. पाच मिनिटांनी कंपनीचं सनईसारखं संगीत वाजवत तो पुन्हा उजळला, आणि मग मात्र त्याला काय झालं कोण जाणे, कुणी बोट न लावता आपोआप दाबला जाऊ लागला. रेडिओ लागला, बंद झाला. एसी वाढला. त्याच वेळी मी राजेश्रीला सांगत होतो, "तुझ्या भावजींची जीप म्हणजे ट्रॅक्टरला टप बसवलाय. आणि पडदा केवढा? चहाच्या बशीएवढा. आपला पाच मिनिटं बंद पडला म्हणून काय झालं?"

"बालाजीराव," गाडीच्या चारी कोपऱ्यांतून साडूंचा आवाज आला, "आमची बशी आजवर बंद पडली न्हाई बरं का."

पडद्यानं त्यांना फोन लावला होता. कधी लावला आणि त्यांनी किती ऐकलं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. ट्रॅक्टरपासून ऐकलं असावं.

आमच्या कॉलनीत मोटारीचं काहीही झालं तरी ते शिवशंकरअप्पांच्या हाताखालून जातं. अप्पा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले आहेत आणि जगातली सगळी वाहनं ही एसटीचीच बिघडलेली रूपं आहेत असं त्यांचं मत आहे. त्यांनी पडद्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "बॅटरीचं टर्मिनल काढा. धा मिनिटं उपाशी ठेवा. आपोआप ठिकाणावर येती."

उपाशी ठेवली. दहा मिनिटांनी बाई ठिकाणावर आली, पण मराठी विसरून आली. ती आता कुठल्याशा परक्या भाषेत बोलत होती. बोलत होती मात्र भरभरून. पडद्यावरची अक्षरं म्हणजे नुसती घरं आणि काठ्या. अर्ध्या तासात कॉलनी जमली. पोरी म्हणाल्या कोरियन आहे. अप्पा म्हणाले तमिळ आहे, कारण त्यांनी एकदा तिरुपतीला खास गाडी नेली होती. भाषा बदलायची तर ती कुठून बदलायची हेही त्याच भाषेत लिहिलेलं होतं. आठ दिवस मी त्या बाईच्या तोंडून काय काय ऐकून घेत ऑफिसला गेलो ते तिचं तिला माहीत. माझा समज असा आहे की ती मला वेळोवेळी रागवत होती.

शेवटी नांदेड गाठलं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिथेच. तिथे हरिओम नावाचे एक सल्लागार होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर आपल्याला सगळं माहीत असल्याचं हसू. त्यांनी गाडी एसी हॉलमध्ये घेतली, दोन बटणं दाबली आणि बाई मराठीत आली. "सर, प्रॉब्लेम दाखवा." मी दाखवायला बसलो. गाडीनं काही म्हणजे काही केलं नाही. नव्या सुनेनं पाहुण्यांसमोर वागावं तशी ती वागली. तिथल्या थंड हवेत तासभर पडदा लख्ख होता. "अपडेट मारून दिलं सर," हरिओम म्हणाले. वसमतच्या पुढे ऊन लागलं आणि पडदा काळा झाला.

इथे माझ्यातला लिपिक जागा झाला. मी कागदावर आलो. प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय : माझे मालकीचे वाहनातील पडदा वारंवार काळा होत असलेबाबत. संदर्भ : माझा यापूर्वीचा तोंडी अर्ज. असा पहिला अर्ज गेला. त्याचं उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी फार मोलाचा आहे. सव्वीस वर्षं मी लोकांच्या अर्जांना अशीच उत्तरं लिहीत आलोय, पण आपल्याला आलं की किती झोंबतं हे पहिल्यांदा कळलं.

संक्रांतीला पुन्हा चारठाण्याला जावं लागलं. पडदा त्या दिवशी बरा होता. मामींनी पुन्हा मला ताटावर बसवलं आणि पुन्हा सूप घेऊन बाहेर गेल्या. या वेळी तर सुगडंही घेऊन गेल्या. मी राजेश्रीला म्हटलं, "तुझ्या आईला माझं तोंड बघवत नाही का?" ती म्हणाली, "अहो, गाडीला ओवाळत असंल. नजर लागू न्हाई म्हणून." साडूंच्या जीपला नजर लागत नाही का, हे मी विचारलं नाही. तिथे नजर लागण्यासारखं आहे काय, असं स्वतःचं समाधान करून घेतलं.

त्यानंतर चार दिवसांनी पडद्यातून मुंग्या निघाल्या.

लाल मुंग्या, एकामागे एक, रांगेत. 'उजवीकडे वळा'च्या बाणावरून चालत त्या डावीकडे वळत होत्या. मी हे जसंच्या तसं तिसऱ्या अर्जात लिहिलं. हरिओमांचा फोन आला. ते इतक्या हळुवार आवाजात बोलत होते की मला शंका आली. "सर, मुंग्या... आता पण दिसायल्यात का तुम्हाला? झोप बरोबर होते ना?"

अपमान! मी, ज्यानं आवक नोंदीत आजवर एक खाडाखोड केली नाही, त्याला हा माणूस विचारतो झोप होते का. मी कॉलनीत शपथ घेतली. पडदा उघडायला लावीन, कंपनीची चूक जगासमोर आणीन, नवा पडदा बसवून घेईन आणि तो घेऊन चारठाण्याला जाईन. एव्हाना साडूंनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, "काय बालाजीराव, बाई बोलायली का रुसली?" असं विचारायला सुरुवात केली होती आणि मामी ते ऐकून खाली मान घालत होत्या. धाकट्या जावयाची त्यांना लाज वाटते, असा मी त्याचा अर्थ लावला. आता जी काय अब्रू होती ती त्या दहा इंचांमागे होती.

नऊ अर्ज झाल्यावर कंपनी नमली. मोठा इंजिनिअर येईल, मालकासमोर पडदा खोलला जाईल. फक्त एक कागद सही करायचा, की आत बाहेरची वस्तू सापडली तर वॉरंटी रद्द आणि सगळी जबाबदारी मालकाची. मी वाचून, दोन ठिकाणी स्वल्पविराम दुरुस्त करून, सही ठोकली.

योग असा, की त्याच दिवशी मामींना नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. तेव्हा गाडीत मी, राजेश्री, काळा चष्मा लावलेल्या मामी, आणि साक्षीदार म्हणून अप्पा. दवाखाना उरकून आम्ही सर्व्हिस सेंटरला पोहोचलो. मामींना सोफ्यावर बसवलं. हरिओम, इंजिनिअर, दोन मेकॅनिक आणि आपापल्या गाड्यांसाठी थांबलेली पाच-सहा गिऱ्हाइकं असा घोळका जमला. मी छाती काढून उभा राहिलो.

इंजिनिअरनं पट्ट्या काढल्या, चार स्क्रू काढले आणि पडदा पुढे ओढला.

आतून गहू सांडले.

एक-दोन दाणे नाही. मूठभर खळकन गिअरवर पडले आणि मागून आणखी पडत राहिले. सगळे वाकून बघायला लागले. मग अप्पा म्हणाले, "उंदीर! मी मनलंच होतं, उंदीर असंल." त्यांनी तसं कधीही म्हटलं नव्हतं. पण मला धीर आला. उंदीर ही बाहेरची वस्तू आहे की कंपनीचा निष्काळजीपणा, यावर मी मनात मुद्दे मांडायला लागलो.

इंजिनिअरनं चिमटा आत घातला. हळकुंड निघालं. मग सुपारी. मग खोबऱ्याचा तुकडा. मग काळं पडलेलं बोर, उसाचा करवा, हरभऱ्याचा वाळलेला घाटा आणि पाघळून पंख्याच्या पात्यांना चिकटलेला तिळगूळ. पडद्यामागं एक चिमुकला पंखा असतो म्हणे, त्यानं आतलं सगळं थंड राहतं. तो पंखा गव्हात रुतून बसला होता. त्याच्या बाजूला हिरव्या खणाचा चार बोटांचा तुकडा नीट घडी करून ठेवला होता आणि वर कुंकू.

"काका," एक गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्याकडचे उंदीर लई धार्मिक हायेत."

सगळे हसले. मी नाही हसलो. बाईमाणूस माझ्या दारातून तसंच गेलेलं मला चालत न्हाई. मला सूप आठवलं, ती दहा मिनिटं आठवली, संक्रांतीची सुगडं आठवली. मामींनी बाईची ओटी भरली होती. दोनदा. एकदा पाहुणी म्हणून आणि एकदा संक्रांतीचं वाण म्हणून. पदर सापडला नसेल, म्हणून पडद्यामागची फट.

हरिओमांनी हळकुंड दोन बोटांत धरून वर केलं. "सर, हे कुण्या अडाण्याचं काम हाय? एवढी भारी गाडी, आन् त्यात धान्य भरायचं?"

मी सोफ्याकडे बघितलं. मामींना काळ्या चष्म्यातून किती दिसत होतं कोण जाणे, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांनी पदर हातात घेतला होता आणि त्याचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. राजेश्री माझ्याकडे बघत होती. तिच्याही लक्षात आलं होतं. गावात चार बायांचे तंटे सोडवणारी, कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई, आणि त्या गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला पाय जवळ घेऊन बसली होती. मला फार वाईट वाटलं. आणि सव्वीस वर्षांत कधी आली नाही अशी चीड आली.

"माझं," मी म्हणालो.

"काय सर?"

"माझं काम आहे. मीच भरली ओटी."

"कुणाची? गाडीची?"

"गाडीची कशाला? गाडीतल्या बाईची," मी म्हणालो. "इतक्या दुरून वाट दाखवत आली. मोकळी कशी पाठवायची?"

अप्पा माझ्यापासून दोन पावलं दूर सरकले. कंपनीला लेखी जबाब हवा होता. तिथे मात्र मी कमी पडलो नाही. कागद मागवला आणि एकटाकी लिहिला :

'लिहून देतो की, मी खाली सही करणार बालाजी, धंदा नोकरी, सदर वाहनातील वाट दाखविणारी बाई ही प्रथमच आमचे सासुरवाडीस आली असता तिला तसेच परत पाठविणे बरे न दिसल्याने मी स्वखुशीने, कोणाचेही दबावाखाली न येता व नशापाणी न करता तिची ओटी भरली. ओटी भरतेवेळी सदर बाईचे पदराचा शोध घेतला असता पदर मिळून आला नाही. सबब ओटी पडद्यामागील फटीत भरण्यात आली. पुढे संक्रांतीचे वाणही तेथेच देण्यात आले. सदर बिघाडास मी एकटा जबाबदार असून याकामी कुटुंबातील इतर कोणाचाही संबंध नाही.'

हरिओमांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. रेकॉर्डसाठी, असं म्हणाले. मेकॅनिकनं पंखा धुऊन पुसून बसवला आणि पडदा जोडला. पडदा लागला. बाई म्हणाली, "आपले स्वागत आहे." तेवढ्यासाठी नऊ अर्ज झाले होते. निघताना काढलेले सुटे भाग गिऱ्हाइकाला परत द्यायची त्यांची पद्धत आहे, त्याप्रमाणे गहू, हळकुंड, सुपारी वगैरे प्लास्टिकच्या पिशवीत भरून, वर गाडीचा नंबर लिहून मला देण्यात आले.

वसमत येईपर्यंत अप्पा पुढच्या सीटवर घोरायला लागले होते. पिशवी मामींच्या मांडीवर होती. त्या वरूनच दाणे चाचपत होत्या.

"जावईबापू," शेवटी त्या म्हणाल्या, "तुमी कवा भरली ओटी? मी तर तुमाला दोन्ही टायमाला जेवताना बघितलं."

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"कामून घेतलं अंगावर? लोकं हसायलेत तुमाला."

"हसू द्या मामी. मला सवय आहे."

"मला काय ठावं, आत पंखा असतो मनून? नारळ ठेवीत होते, बसंना. मनलं खोबरं तरी घालावं." मग त्या म्हणाल्या, "थोरल्याच्या जीपवर मी कवा पाण्याचा हातबी फिरवला न्हाई. ते पाटाबिगर बसत न्हाईत, तुपाबिगर उठत न्हाईत, त्यांच्यामागं उभंच ऱ्हावं लागतं. तुमी घरचे. तुमचं ताट पोरगी बगती. मनलं तवर तुमच्या गाडीचं तरी नीट करावं. चांगले निवडलेले गहू होते. एक खडा न्हाई निघायचा त्यात."

अकरा वर्षं मी ज्याच्यासाठी झुरत होतो ते माझ्याच गाडीत, माझ्या डोळ्यांपुढं, दहा इंचांच्या मागं पडून होतं. आणि मी ते बाहेर काढण्यासाठी नऊ अर्ज केले होते. आरसा नीट करायच्या निमित्तानं मी डोळे पुसले. मागं राजेश्री हसत होती की रडत होती ते आरशात नीट कळलं नाही.

"पाचशे मीटरवर डावीकडे वळा," बाई म्हणाली.

"वळा बगा," मामी म्हणाल्या. "ती सांगायली."

जबाबाचा फोटो आमच्याआधी जिंतूरला पोहोचला होता. पुढचे दोन महिने मी ऑफिसात, कॉलनीत, भाजीबाजारात कसे काढले ते सांगत बसत नाही. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी नवी जीप आल्यावर शिपायामार्फत मला विचारलं की ओटीला मुहूर्त लागतो का. मी लेखी विचारा म्हणून सांगितलं.

मग अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावयांना चारठाण्याहून बोलावणं आलं. आम्ही आधी पोहोचलो. मामींनी गाडीजवळ येऊन आत वाकून बाईला हात जोडले आणि ओटी मात्र राजेश्रीच्या पदरात घातली. "तिची तू घे," म्हणाल्या, "तिला उष्णता सोसत न्हाई." तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. साडू नवी कोरी गाडी घेऊन आले होते. काचा खाली, आवाज पुरता चढवलेला. "आपण आपल्या गंतव्य स्थानी पोहोचलेले आहात," एक बाई म्हणाली. आमच्या बाईहून तिचा आवाज जड होता. पडदा बारा इंचांचा. मी टेप आणला नव्हता, पण नजरेला कळतं.

पंगत बसली. साडूंना पाट. मला सतरंजी. मला त्याचं काही वाटलं नाही, हे मी शपथेवर लिहून द्यायला तयार आहे. साडूंनी मात्र पुरणाचा पहिला धोंडा मोडायच्या आतच सुरुवात केली.

"मामा, ऐकलं का? आमच्या धाकट्या साडूनं गाडीची ओटी भरली. सही करून लिहून दिलंय. सगळ्या जिंतुरानं वाचलं. अहो, एवढं अडाणी तर आमच्या साईटवर खडी फोडणारंबी कुणी न्हाई!"

ते पोट धरून हसायला लागले. मामांनी ताटात बघितलं. राजेश्रीचा चेहरा लाल झाला. मामी तुपाची कासंडी घेऊन साडूंच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर त्यांचा डोळा आता अगदी स्वच्छ झाला होता.

"थोरले जावई," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याबी गाडीत बाई हाय मनं?"

"हाय की! बारा इंचांची. बालाजीरावांच्या बाईपेक्षा थोरली."

"मंग तिला कसं मोकळं लावून देऊ? मला दोन्ही जावई सारकेच."

त्यांनी कासंडी माझ्या पुढ्यात ठेवली, भरलेली, आणि आत गेल्या. कोपऱ्यातून सूप उचलल्याचा आवाज आला, मग कणगीचं झाकण उघडल्याचा. या वेळी गहू बराच वेळ पडत होता. मामी अंगणात गेल्या तोवर साडू चौथ्या धोंड्यावर आले होते. त्यांनी मान वर करून दाराकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा मी सतरंजीवरून उठलो, स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात आणखी दोन धोंडे घातले आणि वर तुपाची धार धरली.

"बसा हो बन्सीधरराव," मी म्हणालो, "एवढी कसली घाई? मामींना यायला अजून दहा मिनिटं लागतील."